पत्रा आणि पाठ

नागावच्या वाडीतली पिकअप मोडीत काढा, असे सर्वांचे मत होते. दादा गेल्यावर आम्हांला ते जमेना. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून ती उघड्यावरच उभी. खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्ला. वरचा रंग शाबूत.

मिस्त्री हातोडीने ठोकत गेला. बद्द आवाज आला, तिथे खडूची रेघ. "लांबी भरून देतो, पण पावसाळा काढायची नाही. खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायला हवं." शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून अपपाठ दूर करणारे नाथ आम्हांला आठवले. (मास्तरकीची खोड, दुसरे काय!) आपली ओवी त्यात घालणाऱ्याला त्यांनी नरोटीची उपमा देऊन ठेवली आहे. इथे तर हौदा, दोन्ही मडगार्ड, सगळी नरोटीच बसणार होती.

डाव्या दाराच्या आत दादांनी खिळ्याने नारळांचा हिशेब कोरला होता. तळाची भोके वाळूने बुजून तिथे पाणी साचलेले. "हे ठेवू?" मिस्त्रीने विचारले. वीतभर पट्टी कापावीच लागली. वरचे आकडे राहिले, बेरीज गेली.