पाच पेड

काही वर्षांपूर्वी मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांची एक कथा मराठीत आणली. तिच्यात एक बाई समुद्रावर जाणाऱ्या नवऱ्यासाठी पाच-प्लाय वर्स्टेडचे मोजे विणते. मी लिहिलं, ‘जाड, मऊ लोकरीचे मोजे’. छापून आलं. कुणी चूक काढली नाही.

चूक मलाच सापडली, तीही टकळीवर. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कापसाचं सूत काढलं होतं, तेवढ्या भांडवलावर गेल्या हिवाळ्यात डेहराडूनला लोकर कातायला बसले.

वर्स्टेड हे नाव नॉरफकमधल्या वर्स्टेड गावावरून आलं. साधी लोकर पिंजतात. तंतू आडवेतिडवे राहतात, सूत हवेशीर, भुसभुशीत होतं. वर्स्टेडची लोकर विंचरतात. आखूड तंतू फणीत अडकून बाजूला पडतात, लांब तंतू शेजारी शेजारी सरळ निजतात. मग बारीक धागा, भरपूर पीळ. असे पाच धागे एकत्र पिळायचे, पण उलट्या दिशेने. हे ‘उलट्या’ मी पहिल्यांदा विसरले. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारख्या गाठी गाठी झालेली लडी अजून टेबलाच्या खणात आहे.

उलट पिळलं की पेड एकमेकांना धरून ठेवतात, सूत गोल आणि टणक होतं. बारीक पोलादी सुयांवर ते इतकं घट्ट विणायचं की वारा आत शिरू नये आणि पाण्याचे शिंतोडे वरच्या वर ओघळून जावेत. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. पण हे सूत मऊ नसतं. मऊ असून चालणारही नाही.

आजोळच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असायची. ती पावसात पांघरून मामा गुरांमागे जात. घोंगडी टोचते, हे माझ्या पाठीला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी लोकर म्हटल्यावर पेनातून ‘मऊ’ उतरलं! दुकानातल्या गुलाबी गुंड्यांनी माझी भाषा बिघडवली, दुसरं काय. त्या बाईच्या मोज्यांत माया होती, पण ती पिळात होती. मी ती गोंजारण्यात घालवली.

शब्द तर घरातच होते. विंचरणं, पेड, पीळ. आईने रोज सकाळी माझ्या केसांवर यांतले दोन तरी वापरले आहेत. (वेणीत पेड गुंफतात, इथे पिळतात, एवढाच फरक.)

प्रकाशकांना कळवलं. दुसरी आवृत्ती निघाली तर बघू, म्हणाले. माझ्या प्रतीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ‘विंचरलेल्या लोकरीच्या पाचपेडी सुताचे मोजे’. वाक्य लांबलंय, कानाला जड आहे. मोजा मात्र एकच झालाय. काल तो पायात घालून नळाखाली धरला. टाचेपाशी पाणी आत आलं. तिथे माझी वीण सैल पडली होती.