तिसरा उन्हाळा

रोप लावायला वेळ असा लागतच नाही. काळ्या पिशवीला ब्लेडने उभी चीर द्यायची, मातीचा गड्डा फुटू न देता खड्ड्यात उतरवायचा, कडेची माती आत सारायची आणि टाचेने हलकेच दाबायची. दीड मिनिट. फोटो काढायचा असेल तर तीन. रिकामी पिशवी खिशात घालायची आठवण मात्र प्रत्येकाला करून द्यावी लागते, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात झाडांपेक्षा पिशव्याच जास्त वर येतात.

हे सगळं मी उंबार्लीच्या टेकडीवर शिकलो. डोंबिवली एमआयडीसीच्या पलीकडे ही टेकडी आहे. सह्याद्रीच्या हिशेबात तिला कुणी मोजणार नाही, पण वर चढून गेलं की एका अंगाला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगाला मलंगगडाचा तो ओबडधोबड सुळका, आणि मधल्या वाऱ्यात आपण. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की पहाटे नवरंगाची शीळ ऐकू येते, दोनच सुरांची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, खालच्या वाटेवरून कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. खालच्या शहरात त्या वेळी लोक लोकलसाठी डबे भरत असतात. हा पाहुणा आपल्या दारात येऊन दोन-तीन महिने संसार थाटून जातो, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हतं.

तीन पावसाळ्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या प्रतिष्ठानाने टेकडीसाठी चारशे रोपांचे पैसे दिले. आम्हाला म्हणजे आम्हाला नव्हे; आमच्यासारख्या रविवारच्या आठ-दहा जणांच्या टोळक्याला कोण पैसे देणार? त्याला नोंदणी लागते, करसवलतीचं ऐंशी-जी लागतं, तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. एका नोंदणीकृत संस्थेने मधे हात दिला आणि जुलैतल्या एका शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी वातानुकूलित बस येऊन उभी राहिली. एका रंगाचे टी-शर्ट, टोप्या, बॅनर, नाश्त्याची खोकी. अशा वेळी थट्टा करायचा मोह मला नेहमी होतो आणि नेहमीच तो गिळावा लागतो, कारण त्या गर्दीत एक तरी माणूस वेगळा निघतो. त्या दिवशी हिशेब खात्यातली एक मुलगी होती. बाकीचे खोकी उघडून बसले तरी ती खड्ड्यातले दगड वेचत होती.

“हे कसलं झाड?”

“कुंभा.”

“मोठं झाल्यावर काय करतं?”

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. फळ येतं का, सावली पडते का, असं विचारतात. मी म्हणालो, “लवकर जळत नाही.” तिला तो विनोद वाटला असावा. ती हसली आणि दगड वेचत राहिली.

चारशे रोपं दुपारपर्यंत लागली. मग जिओ टॅग केलेले फोटो, अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं यथासांग झालं. प्रस्तावात ‘देखभाल’ असाही एक रकाना होता. तो 31 मार्चला संपत होता.

टेकडीला 31 मार्च ठाऊक नाही. तिचं गवत फेब्रुवारीत वाळून सोनेरी होतं, मार्चमध्ये त्याला काडी लागते, कुणी मुद्दाम लावतो, कुणी विडी टाकून जातो. आणि ज्या रोपांची मुळं अजून हातभरही खाली गेलेली नाहीत त्यांना खरी तहान लागते ती एप्रिल-मेमध्ये. पैशाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, टेकडीचं जूनमध्ये. मधल्या दोन महिन्यांच्या फटीत रोपं मरतात.

ही तक्रार त्या एका कंपनीविरुद्ध नाही. पैसा कसा चालतो ते जरा पाहिलं की राग ओसरतो. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आलं, 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झालं. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असं ते सांगतं. कशावर, याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. भूक, आरोग्य, शिक्षण यांच्या रांगेत पर्यावरण आणि वन्यजीवही उभे आहेत. म्हणजे नवरंगाला कायद्याने रांगेत जागा मिळाली, हे काही कमी नाही. पुढे 2021 च्या बदलात चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्चायची सोयही झाली. म्हणजे कायद्यात तिसरा उन्हाळा बसतो. आमच्या प्रस्तावात तो कुणी बसवला नव्हता. आम्हीसुद्धा नाही. मागतानाच आम्ही रोपांचे पैसे मागितले, पाण्याचे मागायला लाजलो. ‘पाच हजार कॅन पाणी’ असं लिहिलेल्या बॅनरपुढे कोण उभं राहील?

आपल्याकडच्या निसर्ग-अभ्यासाला खासगी पैशाचा आधार मिळाला तो या कलम-अनुसूचीच्या भाषेच्या कितीतरी आधी, आणि तोही एका दारूच्या दुकानात, हे मला फार आवडतं. 1883 च्या सप्टेंबरमध्ये आठ हौशी माणसांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांच्याकडे नमुने जमू लागले, ठेवायला जागा नव्हती. त्यांच्यातला फिप्सन हा मद्याचा व्यापारी. त्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली जागा देऊन टाकली. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला साप, पाखरं, कवट्या विलायती मद्याच्या शेजारी राहायला गेल्या. याच संस्थेच्या दारात 1908 साली एक मुलगा छर्‍याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन आला, ही कोणती जात म्हणून विचारायला. पुढचे पक्षितज्ज्ञ सलीम अली ते हेच. फिप्सनने जागा दिली तेव्हा या मुलाचा जन्मही झाला नव्हता. किती जणांना लाभ झाला, असा रकाना त्याला भरायला लावला असता तर त्याने काय लिहिलं असतं?

सलीम अलींच्या हातात सत्तरच्या दशकात गेटी पारितोषिकाचे पैसे पडले. गेटी म्हणजे तेलाचा धनी. त्या पैशाची त्यांनी गंगाजळी केली, निसर्गसंवर्धनाच्या निधीची. गंगाजळी हा शब्द आपल्या भाषेत कुणी आणला असेल त्याला मनोमन नमस्कार. मुद्दल हलत नाही, व्याज येत राहतं, आणि व्याजाला मार्च महिन्याची धास्ती नसते. टेकडीला हवा असतो तो असा पैसा. मिळतो तो बहुधा दुसरा.

आणि तिसरा पैसा म्हणजे वर्गणी. आमच्या भागातल्या पोरांना डोंगर दाखवले ते वर्गणीनेच. डोंबिवलीची ट्रेक क्षितिज ही संस्था घ्या. किल्ल्यांची मराठीतली माहिती शोधताना तिच्या दारावरून गेला नाही असा ट्रेकर विरळा. असल्या मंडळींबरोबर जायचं तर एसटीचं भाडं, चहाचे पैसे, पिठलं-भाकरीचे पैसे, समान वाटून. कुणाकडे नसले तर दुसरा भरायचा आणि त्याचा उच्चार करायचा नाही. बाह्यशिक्षण वगैरे शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं. वर्गणीची मर्यादाही मला दिसते. जी पोरं वर्गणी देऊ शकत नव्हती ती आमच्या शेजारीच राहत होती, आणि आमच्याबरोबर कधीच आली नाहीत.

ती मुलं आता प्रतिष्ठानांच्या बसमधून येतात. अशाच एका बसबरोबर मी एका रविवारी ठाण्याला ओवळ्याच्या फुलपाखरांच्या वाडीत गेलो होतो, मोजणीचा माणूस म्हणून. घोडबंदर रस्त्यावर टॉवरांची रांग संपता संपत नाही, आणि त्यात आत वळलं की ओवळेकरांची ही दोनेक एकरांची वाडी. फुलपाखरांना हवीत ती झाडं एकेक करून लावली, आणि शंभराहून अधिक जाती आपणहून येऊ लागल्या. पिंजरा नाही, जाळी नाही. आली तर आली.

सगळी मुलं मोठ्या निळ्या-काळ्या नीलवंताच्या मागे धावली. 2015 साली ते राज्याचं मानाचं फुलपाखरू झालं, त्यामुळे त्याचा रुबाब आहे. एक मुलगा मात्र पानफुटीच्या कुंडीशी उकिडवा बसून राहिला. त्याच्या हातातल्या जाड पानावर पांढुरका डाग होता. मी म्हटलं, उन्हाकडे धरून बघ. रेड पिएरो नावाच्या फुलपाखराची अळी पानाच्या वरच्या-खालच्या सालीमध्ये बोगदा करून राहते, आतला गर खाते. पान उन्हात धरल्यावर आत एक सावली हळूहळू सरकताना दिसली.

तो कितीतरी वेळ बघत होता. मग म्हणाला, “काका, हा घरातच बसून घर खातोय.”

परत येताना बसमध्ये मी कागद भरला. लाभार्थी: 42. उपक्रमाचा परिणाम: एक ते पाच गुण. मी चार दिले. पाच दिले की पुढच्या वर्षी सुधारणेला वाव नाही म्हणून पैसे देत नाहीत, असं मला एका जाणत्याने सांगून ठेवलं होतं.

वाडीबद्दल विचार करताना मला तिच्यासाठी खर्च झालेल्या पैशापेक्षा न कमावलेला पैसा जास्त दिसतो. घोडबंदरला दोन एकर म्हणजे काय, ते कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. ठाण्याची खाडी उतरून विक्रोळीकडे गेलं की हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिलेली सापडते. गोदरेजांच्या जमिनीतली खारफुटी त्यांच्या सुनाबाई पिरोजशा गोदरेज प्रतिष्ठानाने राखली, 1985 मध्ये सागरी परिसराच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. शंकेखोर वाचक म्हणेल, किनारपट्टीचे नियम 1991 साली आले, खारफुटीवर बांधायला आता परवानगी आहे कुठे? खरं आहे. पण नियमांच्या आधीची वर्षंही होतीच, आणि त्या वर्षांत मुंबईभर खारफुटीवर काय काय उभं राहिलं ते आपण पाहिलंय. 2015 मध्ये खाडीचा एक पट्टा रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, 2022 मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत गेला. खारफुटी नसती तर तिथे यादीत घालायला काय उरलं असतं?

दूर चिलीत डग टॉम्पकिन्स नावाच्या माणसाने आधी डोंगरात वापरायच्या कपड्या-तंबूंच्या आणि मग फॅशनच्या कपड्यांच्या धंद्यातून पैसा केला आणि जंगलंच्या जंगलं विकत घेतली. लोकांना वाटलं, हा परदेशी माणूस देश तोडायला निघालाय. 2015 साली तो सरोवरात कयाक उलटून गारठून गेला. मग त्याच्या बायकोने लाखो एकर जमीन राष्ट्रीय उद्यानांसाठी चिली सरकारला देऊन टाकली. आपल्याकडे असं व्हायचं नाही. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आणि सातबाऱ्यावर इतकी नावं असतात की सरकारला दान करायचं तरी सह्यांना दोन पिढ्या जातील.

असो. आमच्या टेकडीवर परत येतो.

या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वणवा आला. जाळरेषा आम्ही अर्धीच काढली होती. अर्धी पुढच्या रविवारी काढणार होतो. ओल्या फांद्यांनी झोडपत रात्री अकरापर्यंत होतो. दुसऱ्या दिवशी मोजायला गेलो. चारशेपैकी पहिल्या दोन उन्हाळ्यांनी निम्म्याहून जास्त आधीच नेली होती. आता 116 उरली. त्यातले कितीतरी कुंभे होते, खोडं काळीठिक्कर, पण नखाने साल खरवडली की आत ओल.

पाडव्याच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडं बघून हाक मारली आणि एकशे एक रुपये हातावर ठेवले. दरवर्षी ठेवतात, ‘तुमच्या टेकडीला’ म्हणून. काकूंचं आर्थिक वर्ष पाडव्याला सुरू होतं. त्या टेकडीवर कधी आलेल्या नाहीत, गुडघे चालत नाहीत.

“पावती देऊ का?”

“पावती काय करायचीय? यंदा किती जगली ते सांग.”

सांगितलं.

“बरीच की,” त्या म्हणाल्या, आणि श्रीखंडाची वाटी आणायला आत गेल्या.

त्या पैशांत रद्दीवाल्याकडून वीस लिटरचे दोन कॅन आले. सकाळी सहाला पायथ्याच्या टपरीवाल्याच्या नळावर ते भरतो. स्कूटरच्या पुढच्या जागेत एक बसतो, मागच्या सीटवर दोरीने एक. वाट संपते तिथून हातात घेऊन चढायचं, पुन्हा उतरून दुसरा आणायचा. झाडाला पाच लिटर, बुंध्याशी, एकदम नाही, थांबत थांबत. आठ झाडं झाली की पुन्हा खाली.