पहिल्या नटाआधी

२० टनी पोकलेनचा बूम उतरवायचा असेल तर पहिल्या नटाला पाना लावायच्या आधीच माझा निम्मा दिवस जातो. मशीन सपाट, कडक जागेवर आणायचं. आर्म पसरून बकेट जमिनीला टेकवायची. इंजिन बंद करून चावी पुन्हा ऑनवर ठेवायची आणि दोन्ही जॉयस्टिक चारी बाजूंना फिरवायच्या, म्हणजे पाइपांत कोंडलेला दाब सुटतो. मग हायड्रॉलिक टाकीचं झाकण थोडं थोडं सैल करायचं आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत तोंड बाजूला ठेवायचं. बॅटरीची केबल काढायची. चावी माझ्या खिशात. त्यानंतर बूमखाली टेकूचे ओंडके, आणि तेही दोनदा, कारण पहिल्यांदा लावलेले वजन येताच जरा बसतात.

एवढं होईपर्यंत मालकाच्या हिशेबाने काम सुरूच झालेलं नसतं. तो लांब खुर्ची टाकून बसलेला असतो आणि फोनवर कोणाला तरी सांगत असतो, "मिस्त्री आलेत, पण अजून हात लावला नाही." त्याचंही चुकत नाही. मशीन तासाच्या भाड्यावर, बँकेचा हप्ता महिन्याला ठरलेला, आणि साइटवरचा इंजिनिअर दुसरं मशीन बोलावतो म्हणून दम देत असतो. उभं मशीन त्याचे पैसे खातं हे मला कळतं. पण उभं मशीन आपल्या अंगात बरंच काही धरून बसलेलं असतं, आणि ते सोडेपर्यंत मी त्याच्याखाली जात नाही.

मी ठाण्यातल्या बाळकुमचा. आमच्या आधीच्या पिढीने खाडीतला रेतीचा धंदा पाहिला. आधी डुबी मारून पाटीने काढलेली रेती, नंतर सक्शन पंप आणि बार्ज. काशेळी-काल्हेरकडे ते पंप खोलणारे जे मिस्त्री होते, त्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो. पुढे रेती गेली, भातशेती गेली, टॉवर आले आणि टॉवरांसाठी मशिनं आली. आता बाळकुम नाक्यावरून काशेळीच्या पुलाकडे निघालं की ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब सोबत चालतात, आणि त्यांच्या आसपास क्रेन, पिलिंग रिग, हायड्रा असं काही ना काही बिघडून उभं असतंच. खाडीची खारी हवा इथल्या मशीनचं आयुष्य खाते. होजच्या रबराखाली तारांची जाळी असते. रबराला एक चीर पडली की ओल आत शिरते आणि जाळी गंजायला लागते. वरून होज नवाकोरा दिसतो.

होजवर मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. पोकलेनच्या तेलाचा दाब ३५० बारच्या आसपास जातो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण आठ बार हवा असते, यावरून अंदाज यावा. अशा होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेल धार लावून वाहत नाही. बारीक धुकं उडतं, उन्हात तेही दिसत नाही. नवा हेल्पर मग बोटाने चाचपून गळती शोधतो आणि तेल कातडी फोडून आत जातं. वर लाल ठिपका राहतो, रक्त जवळजवळ नाही, पहिल्या तासात दुखतही नाही. रात्री हात सुजतो. उशीर झाला तर बोट जातं, कधी पंजा जातो. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून, लांबून. आणि कोणाला लागलंच तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हे बोलायचं की तेल प्रेशरने आत गेलंय, आताच्या आता सर्जनला दाखवा. नाहीतर साधी जखम समजून धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी होते, आणि माणूस घरी येऊन झोपतो.

दाब सोडला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. मशीनमध्ये नायट्रोजन भरलेले ॲक्युम्युलेटर असतात, ते इंजिन बंद झाल्यावरही दाब धरून ठेवतात. खडक फोडायच्या ब्रेकरमध्येही नायट्रोजनच. तो संपला आणि शेजारी कटिंगचं ऑक्सिजन सिलिंडर उभं आहे म्हणून तेच लावायची अक्कल कोणी चालवली, तर ऑक्सिजन आणि तेल एकत्र येऊन स्फोट होतो. ट्रॅकची तऱ्हा याहून वाईट. साखळी ताणून ठेवायला पुढच्या चाकामागे ग्रीसचा सिलिंडर असतो आणि त्याच्यामागे कित्येक टनांच्या जोराने दाबून बसवलेली स्प्रिंग. ग्रीसचा व्हॉल्व्ह एका आट्यापेक्षा जास्त सैल करायचा नाही, आणि करताना त्याच्या समोर तोंड न्यायचं नाही. ती स्प्रिंग उघडायची झाली तर योग्य प्रेसवर. उघड्या माळावर चार पट्ट्या वेल्ड करून ती सोडवणारे बहाद्दर मला माहीत आहेत. ते स्वस्तात करतात. त्यांनी अर्धवट सोडलेलं काम पुरं करायला मला बोलावलं तर मी जात नाही.

मग राहतं वजन. बूम, आर्म, बकेट मिळून तीन टनांच्या वर भरतात. डंपरच्या हौद्याचंही तेच. हौदा वर करून खाली वाकायचं आणि जॅकचा होज ढिला करायचा, एवढ्यानेच माणसं मेली आहेत, कारण तेल निघालं की हौदा येतो आणि बाजूला व्हायला सवड मिळत नाही. हौद्याला टेकू द्यायला कंपनी दांडा किंवा पिन देते. जुन्या डंपरवर ती पिन शोधून दाखवा. जॅक उचलण्यासाठी, धरण्यासाठी ओंडके, हे मी हेल्परला पहिल्याच दिवशी सांगतो. दोन उभे, त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन उभे, आणि चवडीची उंची तिच्या पायाच्या रुंदीपेक्षा वाढू द्यायची नाही. साइटवर सहज मिळतो तो सिमेंटचा ब्लॉक, आणि टेकू म्हणून तोच सगळ्यात घातकी. तो न सांगता फुटतो. लाकूड आधी कुरकुरतं, चेपतं, कडेला चिरतं. तेवढ्यात बाहेर येता येतं. म्हणून ओंडक्यांवर वजन असताना साइटवर मोबाईलवरची गाणी बंद. यावरून पोरं माझ्यावर चिडतात.

साखळी-दोराचं गणित मात्र पोरांना आवडतं. दोन पायांच्या स्लिंगने वजन उचलताना दोर जितके आडवे, तितका त्यांच्यावर ताण. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की प्रत्येक पायावर वजनाच्या निम्मा नव्हे, वजनाइतकाच पूर्ण ताण येतो. म्हणजे टनाचं इंजिन, आणि दोन्ही दोर एकेक टन ओढतात. दोर आखूड पडला की तो आडवा होतो, आणि आखूड दोरच नेहमी गाडीत असतो.

१० सप्टेंबर २०२३, रविवार. बाळकुममध्येच बांधकाम चालू असलेल्या ४० मजली टॉवरच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम आटोपून मजूर बांधकामाच्या लिफ्टने खाली येत होते. लिफ्ट कोसळली, ७ जण गेले. त्याच्या सहा आठवडे आधी, ३१ जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमारास, आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं लाँचर पडून २० जण गेले होते. यातलं काहीही दुरुस्तीच्या वेळी घडलं नव्हतं. पण त्या दिवसांत नाक्यावर चहाला उभं राहिलं की लोक मलाच विचारायचे, मिस्त्री, एवढे जाड दोर तुटतात कसे?

दोर आतून मरतो, हे माझं उत्तर. तारेच्या दोरात मधे गाभा असतो, त्याच्याभोवती तारांच्या लडी पिळलेल्या. पुलीवरून प्रत्येक फेरीला तो वाकतो आणि सरळ होतो, आतल्या तारा एकमेकींवर घासतात. गाभ्यातलं तेल सुकलं की आत गंज धरतो. वरून ग्रीसचा थर चोपडलेला असतो, तो चकाकतो, आणि तपासणारा वरूनच पाहतो. मी कापड गुंडाळून दोरावरून ओढत जातो. जिथे धागा अडकला तिथे तार तुटली आहे. कॅलिपरने जाडी मोजतो. जिथे एकदम बारीक भरली तिथे गाभा गेलेला. बांधकामाच्या बऱ्याच लिफ्ट दोरावर नाही, दात्यांच्या पट्टीवर चढतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेला की पिंजरा जागीच पकडणारा ब्रेक त्यांना असतो. तो पकडतो का हे पिंजऱ्यात माणूस न ठेवता, मुद्दाम खाली सोडूनच कळतं. नुसता पाहून कळत नाही.

कायदा काही मुका नव्हता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने लिफ्टची तपासणी सहा महिन्यांतून एकदा आणि वजन उचलणाऱ्या यंत्रांची, साखळ्या-दोरांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायला सांगितलं. त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करणारा माणूस खास शिकवलेला, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेला हवा, आणि त्याचं नाव रजिस्टरात हवं असं होतं. घट्ट कपडे! कोणाचा तरी सोगा शाफ्टमध्ये जाताना कोणीतरी पाहिला असणार. कोलशेत रोडवरच्या कारखान्यांत शटडाउनच्या कामाला मी कंत्राटदाराकडून जायचो तेव्हा हे सगळं पाळलेलं पाहिलं. कामाचं परमिट लिहून मिळायचं, मेन स्विचवर प्रत्येक फिटरने आपापलं कुलूप लावायचं, आणि शेवटच्या माणसाचं कुलूप निघेपर्यंत मॅनेजर आला तरी स्विच चढत नसे. तसलं एक कुलूप मी आजही बॅगेत ठेवतो आणि बॅटरीच्या कट-ऑफला लावतो. पण रस्त्याच्या कडेला मशीन खोलणारा, फोन करून बोलावलेला मिस्त्री कोणाच्या रजिस्टरात असतो? साइटवाला म्हणतो मशीन मालकाचं, मालक म्हणतो मिस्त्री बाहेरचा.

म्हणून मी बिलाकडे वळलो. माझ्या बिलाची पहिली ओळ असते: मशीन टेकवणे, दाब सोडणे, ओंडके लावणे. त्यापुढे रक्कम. सुरुवातीला त्या ओळीवर हटकून पेनाची रेघ यायची. "अहो मिस्त्री, काम केल्याचे पैसे घ्या, न केल्याचे कसले?" हे एका शेठने मला चहा पाजत, अगदी प्रेमाने विचारलं होतं. मी ती ओळ सोडली नाही, त्यापायी काही गिऱ्हाइकं सोडली. जोवर हा अर्धा दिवस फुकट आहे तोवर तो कोणीही कापणार, मालकही आणि घाईला आलेला मिस्त्रीही. ज्याला किंमत लावली त्याच्यावर निदान घासाघीस तरी होते. बोर्ड, हेल्मेट, चार मार्चच्या सुरक्षा दिनाची शपथ यांना माझा विरोध नाही. साइटवर शपथ घेतलेली पोरं मी सिमेंटच्या ब्लॉकवर टेकवलेल्या डंपरखाली झोपलेली पाहिली आहेत. पैसे देणारे शेठ मात्र हळूहळू बदलले. दिवस मोडणारच असेल तर मशीन बंद पडायच्या आधी बोलवावं, असा हिशेब त्यांनी आपणहून केला.

आमच्याकडे खंडेनवमीला मशिनांची पूजा होते. झेंडू, हळद-कुंकू, ट्रॅकपुढे नारळ. मला त्यातली आदल्या दिवशीची धुलाई मोलाची वाटते. वर्षभराचा चिखल निघाला की बूमच्या वेल्डिंगजवळची केसासारखी चीर दिसते, पिनचा लॉक नट गायब असल्याचं दिसतं. एरवी धुवायला पाणी नाही म्हणणारे मालक त्या दिवशी टँकर मागवतात. मी तेव्हा टॉर्च घेऊन फिरतो, आणि दसऱ्यानंतरची कामं मला तिथेच मिळतात.

सध्या माझी अडचण लाकडाची आहे. रेल्वेचे लाकडी स्लीपर याला उत्तम होते, पण रुळांखाली सिमेंटचे स्लीपर आले आणि लाकडी भंगारातही दिसेनासे झाले. माझ्याकडचे आता कडेने झिजून गोल व्हायला लागलेत. गोल झालेला ओंडका चवडीत घसरतो, तो वेळेवर बाद करावा लागतो. जुनी घरं पाडतात त्यांच्या तुळया मिळतात, पण साग महाग, आणि खिळ्यांच्या भोकांनी पोखरलेला. बाभूळ चिवट. शहापूरकडच्या एका वखारवाल्याने बाभळीचे चौकोनी ओंडके कापून देतो म्हटलंय. मला ते फूटभर रुंद आणि गाठ नसलेले हवेत. तो म्हणतो, गाठ नसलेली बाभूळ कुठून आणू? भाव त्यावरच अडलाय.