नाकासमोर

विश्वमानव डबल रोड ओलांडायचा तर आधी उजवीकडे बघायचं. बघितलं. बस लांब होती. मान सरळ केली, तरी रस्ता फिरतच राहिला. दुभाजकाचा कठडा धरून उभी राहिले. पलीकडून फुलवाल्या अज्जी ओरडल्या, "निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा.

*

बंगळुरूहून म्हैसूरला येताना टोलच्या रांगेत मागून धडक बसली, त्याला अकरा आठवडे झाले. बंपर चेपला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. एक्स-रे साफ, एमआरआय साफ. पुण्याहून दादा विचारतो, "मग आता होतंय काय तुला?" दुखणं निम्म्यावर आलंय. उरलंय ते सांगता येत नाही: आपलं डोकं नेमकं कुठे वळलंय हे मला कळत नाही.

*

आज फिजिओथेरपिस्टने ते मोजलं. कपाळाला पट्टा, त्यावर लेझरचा छोटा दिवा, ९० सेंटीमीटरवर भिंतीला वर्तुळं काढलेला कागद. लाल ठिपका मधोमध आणायचा, डोळे मिटायचे, मान पूर्ण उजवीकडे न्यायची आणि परत नाकासमोर आणून "आले" म्हणायचं. मी "आले" म्हटलं. डोळे उघडले तर ठिपका मध्याच्या डावीकडे, ९ सेंटीमीटरवर! साधारण साडेचार अंश, म्हणजे इतक्या अंतरावर सुमारे ७ सेंटीमीटर, एवढी चूक चालते. मिशेल रेवेल या फ्रेंच डॉक्टरांनी १९९१ मध्ये ही तपासणी मांडली.

मला आकड्याची भीती नाही वाटली. मी किती खात्रीने "आले" म्हटलं होतं, त्याची वाटली.

*

कवटीच्या तळाशी, पहिल्या दोन मणक्यांभोवती लहान लहान स्नायू आहेत. ताण टिपणारे तंतू त्यांत फार दाटीने असतात. मान किती वळली याची खबर ते मेंदूला देतात. मेंदू ती डोळ्यांच्या आणि अंतर्कर्णाच्या खबरीशी ताडून बघतो. झटका बसला, स्नायू दुखावले, आखडले, की मानेची खबर चुकते. डोळे आणि कान एक सांगतात, मान दुसरंच. मग भोवळ येते. हे एक्स-रेत दिसणार कुठून?

*

मानसगंगोत्रीतल्या वाक् श्रवण संस्थेत कानाचा तोल तपासून आले. तो ठीक आहे. ही संस्था गावातच आहे हे केवढं भाग्य.

*

पहिले दहा दिवस गळपट्टा रात्रीसुद्धा काढला नव्हता. क्वेबेकच्या तज्ज्ञगटाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय: हाड मोडलेलं नसेल तर पट्ट्यात जखडून ठेवण्यापेक्षा लवकर हालचाल बरी. ज्यांना असा झटका बसेल त्यांनी आधी मणके तपासून घ्यावेत, आणि डॉक्टर हो म्हणाले की मान हलवावी. घाबरून माझ्यासारखी जपून ठेवू नये.

*

घरी वर्तुळांचा कागद नाही, कालनिर्णय आहे. १५ तारखेवर ठिपका, डोळे बंद, उजवीकडे, परत. ठिपका ८ वर. पुन्हा ८ वर. मग दुसरा व्यायाम: नजर १५ वर खिळवून मान हळूहळू दोन्हीकडे. तिसरा: उताणं पडून हनुवटी किंचित आत, जणू अर्धवट "हो" म्हणायचंय. तिसरा सगळ्यात क्षुल्लक वाटतो आणि त्यानेच मानेच्या आतले स्नायू थरथरतात. दोनदा, रोज. भोवळ वाढली की थांबायचं.

*

सहा दिवस काहीच फरक नाही. दादाचा फोन घेतला नाही.

*

आज पाचांतून तीनदा १५ च्याच घरात! एकदा ८ आणि १५ मधल्या रेघेवर, एकदा थेट ८ वर.

*

संध्याकाळी डबल रोड. उजवीकडे, थांबून समोर, मग पाऊल. पलीकडे पोचले. अज्जींकडे दोन मोळ मल्लिगे मागितलं. त्यांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोनदा माळ मापली, नजर रस्त्यावरच.