सेवाग्रामच्या सावलीत

मार्च महिन्याच्या अखेरीस एका सकाळी आम्ही वर्ध्याहून आठ किलोमीटरवरील सेवाग्राम आश्रमात पोहोचलो, तेव्हा ऊन नुकतेच तापू लागले होते. यजमानांच्या एका हातात काठी होती, दुसरा माझ्या खांद्यावर. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा पाय अजूनही पुरता उचलला जात नाही. मुलगा मागून पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन येत होता.

आम्ही निव्वळ दर्शनाला आलो नव्हतो. मुलाने आमच्या गावालगत डाळी निवडून पाकीटबंद करण्याचा लहानसा उद्योग उभारला आहे. तेथील हिशेबाच्या वह्या यजमान पाहतात. आजारपणात शब्द अडखळत होते, तेव्हाही आकडे मात्र त्यांना बिनचूक आठवत. त्या वह्यांनीच त्यांना पुन्हा माणसांत आणले. परंतु गेल्या उन्हाळ्यात मुलाने अर्ध्या आवारात सिमेंटचे ठोकळे बसवले. दुपारी ती जमीन तव्यासारखी तापे. मे महिन्यात एके दिवशी फाटकापासून कचेरीपर्यंत येताना यजमानांना भोवळ आली. तेव्हापासून, “बाबा, तुम्ही आता घरीच बसा, वह्या मी घरी आणून देईन,” असे मुलाचे म्हणणे. त्यातील काळजी आम्हांला कळत होती. पण घरी आलेली वही आणि माणसांत बसून लिहिलेली वही यांत फरक असतो. यंदा उरलेल्या आवाराचे काम निघाले. नव्या नकाशात सगळीकडे ठोकळे, मधोमध हिरवळ आणि वाहनांच्या आड येणारा जुना कडुलिंब तोडलेला. यजमान एवढेच म्हणाले, “आधी सेवाग्राम पाहून येऊ.”

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे राहण्यास आले, तेव्हा त्यांचे वय ६६ होते. गावाचे नाव तेव्हा सेगाव. शेगावच्या नावाशी होणाऱ्या टपालाच्या घोटाळ्यामुळे १९४० साली ते सेवाग्राम झाले. जमीन जमनालाल बजाज यांची होती. आज आपण या जागेस आश्रम म्हणतो. पण दहा वर्षे ते एका वयस्क माणसाचे कामाचे ठिकाणही होते. येथे पत्रे लिहिली जात, भेटी होत, देशाच्या कारभाराची खलबते चालत, सूत कातले जाई, आणि बाजूला शेती व गोशाळा चालत असे. हे सारे विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेथे पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो.

म्हणून मी मुलाला प्रथम घरे पाहू नकोस, घरांमधील जागा पाहा, असे सांगितले. आदिनिवास, बापूकुटी, बा कुटी, महादेव कुटी या वास्तू एकमेकींपासून थोड्या अंतरावर आहेत आणि मध्ये झाडांची सावली आहे. आदिनिवासाजवळ १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. मातीच्या भिंती, कवेलूंची छपरे आणि खाली उतरलेली वळचण यांमुळे ऊन भिंतीपर्यंत सहजी पोहोचत नाही. पडवीत पाऊल टाकताच डोळ्यांवरचा ताण उतरतो. यजमान तेथे पाच मिनिटे टेकले आणि मग आपणहून उठले.

बापूकुटीत मला सर्वांत अधिक थांबवून ठेवले ते रुग्णांसाठी राखलेल्या जागेने. मूळची मीराबेनची ही कुटी लहानशी आहे. तरी तीत गांधीजींच्या बसण्याच्या जागेपासून चार पावलांवर आजाऱ्यासाठी खोली आहे. १९३९ साली कुष्ठरोगाने पीडित संस्कृत पंडित परचुरे शास्त्री येथे आले, तेव्हा समाज अशा रोग्यास गावाबाहेर ठेवीत असे. त्यांच्यासाठी आश्रमाच्या आवारातच कुटी बांधली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. आजारी माणसाला कोठे बसवायचे, हे येथे आवार आखतानाच ठरलेले होते. मुलगा त्या खोलीपुढे बराच वेळ उभा होता. काही बोलला नाही.

दफ्तरात साप पकडण्याचा पिंजरा व चिमटा ठेवलेला आहे. साप न मारता पकडून दूर सोडीत. झाडाझुडपांत राहायचे तर त्यांच्या रहिवाशांचीही सोय पाहावी लागते.

येथील सारेच जसेच्या तसे उचलावे, असे मात्र नाही. प्रार्थनाभूमीवरील बारीक खडीत यजमानांची काठी रुतत होती आणि चाकांची खुर्ची तेथे ढकलणे कठीणच. जमिनीवरील बैठक गुडघे दुखणाऱ्यांना झेपत नाही. शिवाय झाडे-पाणी म्हणजे आपोआप आरोग्य, असेही नव्हे: १९३६ च्या सप्टेंबरात स्वतः गांधीजींना हिवतापाने वर्ध्याच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. उताराचा विचार न केलेली बाग डासांचे घर होते.

परतताना गाडीत नकाशाच्या मागील कोऱ्या बाजूवर नवा नकाशा निघाला. कडुलिंब राहील, वाहने कुंपणाबाहेर लागतील. फाटक ते कचेरी एवढीच एक वाट टणक, सपाट, पण घसरणार नाही अशा खरबरीत फरशीची होईल. तिच्या एका बाजूस हाताला आधाराचा कठडा असेल. दर पंचवीस पावलांवर सुमारे अठरा इंच उंचीचे, पाठ टेकता येईल असे बाक. पायऱ्यांच्या जोडीला उतरण, एक फूट चढास बारा फूट लांबीची. बाकीची जमीन मोकळी राहील, म्हणजे पाऊस मुरेल. छपराचे पाणी चरातून शोषखड्ड्याकडे जाईल आणि कोठेही आठवडाभर साचणार नाही. रोज पाणी मागणाऱ्या हिरवळीऐवजी पश्चिमेस करंज व बकुळ, कारण दुपारचे ऊन तिकडून येते. पिंपळ मात्र भिंतीपासून दूर. त्याची मुळे पाया सोडत नाहीत. कडुलिंबाची पानगळ वाटेवर साचून पाय घसरू नये म्हणून रोज सकाळी झाडलोट.

“आणि बाबांची बैठक?” मुलाने विचारले.

“पडवीत,” यजमान म्हणाले. “येणारा-जाणारा दिसला पाहिजे.”

करंज-बकुळीची सावली मिळायला काही वर्षे लागतील. तोवर वाटेवर तट्ट्यांचा मांडव घालायचे ठरले. आपल्यापैकी कोणाच्या घरचे शेत, दुकान वा लहानसा कारखाना असेल आणि घरातील वडीलधाऱ्यांना तेथे जाण्याची ओढ असेल, तर त्यांना थांबवण्यापूर्वी एकदा त्यांच्यासह दुपारच्या उन्हात फाटकापासून आत चालत जावे. कोठे पाय अडखळतो, कोठे दम लागतो, कोठे सावली संपते, ते टिपून घ्यावे. पुष्कळदा माणूस थकलेला नसतो. वाट अवघड असते.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आम्ही बकुळीचे रोप लावले. खड्डा मुलाने खणला, माती यजमानांनी उजव्या हाताने लोटली. मग ते पडवीत गेले आणि त्या दिवशीच्या खर्चात रोपाची किंमत लिहून ठेवली.