ऊन हात

मावळांत तरणें मरण पुष्कळदां रस्त्यावरून येतें. जुना पुणें-मुंबई रस्ता आणि २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगतिमार्ग, दोन्ही ह्याच घाटांतून जातात. लोणावळें, कामशेत, वडगांव येथल्या मुलांच्या दुचाक्या जुन्या रस्त्याच्या गर्दींतून वाट काढीत असतात. डोक्याला मार लागलेला मुलगा पुण्याच्या अतिदक्षता विभागांत पोंचतो आणि दोन दिवसांनीं बापाला विचारतात, ‘ह्याचे अवयव द्याल का?’

नकार मिळाला कीं शहरी माणूस त्याचें खापर अडाणीपणावर फोडतो. मला तें पटत नाहीं. दधीचीनें वज्रासाठीं आपलीं हाडें दिलीं, ही कथा मावळांतला माणूस कीर्तनांतून ऐकत आला आहे. अडचण निराळीच आहे. मरण म्हणजे श्वास थांबणें, अंग गार पडणें, असें त्यानें घरींदारीं पाहिलेलें असतें. येथें यंत्राच्या जोरावर छाती हालते, नाडी लागते. १९९४ च्या कायद्याप्रमाणें चार डॉक्टर, निदान सहा तासांच्या अंतरानें, दोनदां तपासून मेंदू मेल्याचें लिहून देतात. पण मेंदू का डोळ्यांना दिसतो? पवन मावळांतला एक बाप माझ्यासमोर एवढेंच बोलला, ‘सायेब, हात ऊन हाय त्याचा. मेला कसं म्हनू?’ त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें.

शिवाय बाप एकटा नसतो. भावकी जिन्यावर बसलेली असते. एखादा पुढारी दूरध्वनीवरून सल्ला देतो. कायदा बायकोला व आईला जवळचें नातलग मानतो, भावकी त्यांना विचारीतहि नाहीं! कोणी ‘हो’ म्हणूं लागलाच, तर दुसरा पुटपुटतो, ‘पोराला इकला म्हनतील.’ २०१६ सालीं मुंबईंत मूत्रपिंडाच्या बेकायदा व्यवहारांत डॉक्टरांनाहि अटक झाली होती. तो प्रकार जिवंत दात्याचा. पण भीति असले भेद मानीत नाहीं.

गंमत अशी, कीं अपघाती मृत्यूचें शवविच्छेदन व्हावयाचेंच असतें, आणि त्याला कोणी अडवीत नाहीं, कारण तेथें कोणी विचारीतच नाहीं. दोन दिवस नळ्या, सुया, सह्या, सारें त्या बापाच्या डोक्यावरून गेलेलें असतें. खरोखर विचारलें असें हें पहिलेंच. आणि ‘नाहीं’ हा एकच शब्द त्याच्या हातचा उरलेला असतो.

त्याच घरानें पुढें आजीचे डोळे दिले. म्हातारीचा श्वास थांबला होता, उशाशीं दिवा लागला होता. डॉक्टर घरीं आले आणि अर्ध्या तासांत परत गेले. भावकी तोंवर जमलीहि नव्हती.