पाचव्या दिवशीचा नळ



सोलापुरात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला शहराविषयीची तक्रार सुरू होते. मंदिराच्या पायऱ्यांवर स्वाध्याय संपल्यावर जो कट्टा जमतो, तिथे तर याची उजळणीच चालते. ऊन, धूळ, उकरून ठेवलेले रस्ते, गिरण्या गेल्या, कारखाने येत नाहीत, पोरं पुण्याला जातात ती परत येत नाहीत. जुनी मिल 1963 साली बंद पडली, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकींचा जन्मही झाला नव्हता. पण तिच्या भोंग्याबद्दल आम्ही असं बोलतो की जणू काल ऐकला!

पुरुषमंडळींच्या आणि आमच्या तक्रारींत मात्र फरक आहे. मी तो बरीच वर्षं बघते आहे. त्यांचा जीव विमानात. किती वर्षं हा एकच विषय! 2023 च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवशी आमच्या घरात कुणी दुपारी झोपलं नव्हतं, सगळे टीव्हीसमोर. मग 2025 मध्ये विमान उडालं. चांगलंच झालं. पण त्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी रात्री अडीचला नळ आला, त्याची बातमी काही झाली नाही. त्या विमानात आमच्यापैकी किती जणी बसणार आहेत? आणि हंडा तर रोज लागतो.

पाण्याची तक्रार सगळेच करतात, मग जैन बाईनं त्यात वेगळं काय लिहायचं, असं कुणी विचारेल. वेगळं आहे. आपला धर्म स्वयंपाकघरात पाण्यापासून सुरू होतो.

आमच्या सासूबाई पेठेतल्या वाड्यात नांदल्या. वाड्यात आड होता. दुहेरी जाड सुती फडकं घागरीच्या तोंडावर घालायचं, पोहरा हळूच रिकामा करायचा, मग फडकं उलटून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ती जिवाणी त्याच आडात, पाण्याच्या पातळीजवळ अलगद सोडायची. वरून फेकायची नाही. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं चालायचं. मग पुन्हा गाळायचं. उकळलेलं असेल तर आठ प्रहर. हे त्यांनी पाठ केलं नव्हतं, हातालाच ठाऊक होतं.

पुढे वाडा सुटला आणि आम्ही जुळे सोलापुरात आलो. इथे आड नाही, नळ आहे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, जिवाणी कुठं सोडायची?"

सांगा, काय उत्तर द्यायचं? हे पाणी उजनीचं. शंभरावर किलोमीटर नळातून येतं. जिवाणी परत करायला उजनीला जायचं का? आम्ही त्यातल्या त्यात मार्ग काढला. हौदातलं पाणी गाळलं की जिवाणी हौदातच सोडायची. मंदिरातल्या ताईंनीही तेच सांगितलं की साठा जिथं आहे तेच त्याचं स्थान मानायचं. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, आजही नाही.

त्यात नळ रोज आला असता तरी चाललं असतं. तो येतो चौथ्या-पाचव्या दिवशी. म्हणजे पाच दिवसांचं पाणी साठवायचं. गच्चीवर टाकी, खाली हौद, मोरीत पिंप, स्वयंपाकघरात दोन हंडे, दोन कळश्या. पाणी साठलं की जीव निपजणारच. मग एक दिवस बॅटरी घेऊन तपासणीवाल्या मुली येतात, पिंपात उजेड टाकतात आणि म्हणतात, "काकू, अळ्या आहेत, ओतून टाका. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा." त्यांचं चूक नाही, डेंग्यूनं माणसं मरतात. पण नळ परवा येणार असताना पिंप ओतायचं म्हणजे दोन दिवस विनापाण्याचं राहायचं. आणि त्या वळवळणाऱ्या जिवांना तापल्या फरशीवर ओतायचं, हे ज्या हातांनी आयुष्यभर पाणी गाळलं त्या हातांनी करायचं. सासूबाई अशा वेळी आत निघून जातात आणि णमोकार म्हणत बसतात.

आता मी एक पद्धत बसवली आहे, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. नळ यायच्या आदल्या दिवशी पिंप तळापर्यंत वापरून रिकामं करायचं, घासायचं, उलटं घालून वाळवायचं. पाणी भरलं की त्याच मिनिटाला जुन्या सुती धोतराचं दुहेरी फडकं तोंडावर ताणून सुतळीनं करकचून बांधायचं. प्लॅस्टिकचं झाकण पुरत नाही, कडेनं फट राहते आणि डास तिथूनच आत शिरतो. फडकं रोज बघायचं, सैल झालं की पुन्हा आवळायचं. डास आत गेला नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर ओतायला अळ्याही नाहीत. मागच्या पावसाळ्यापासून आमच्या पिंपात एकही सापडली नाही. बॅटरीवाल्या मुलीनं ते फडकं शेजारच्या घरांना दाखवायला नेलं होतं.

नळाच्या दिवसाचं गणित बाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. चावीवाला कधी चावी फिरवेल त्यावर आपलं लग्नकार्य, पाहुणे, धुणं, डोकं धुणं, उपवासाचं पारणं, सगळं ठरतं. दशलक्षण पर्वात दहा दिवस असतात, त्यात नळाचे दोन किंवा तीन. नळाची पाळी रात्री दोनला आली तर पहाटेच्या सामायिकाला बसल्यावर डोळा लागतो. आणि मुनिसंघ गावात आला की चौका लावणाऱ्या घरांची जी धांदल! चौक्याला विहिरीचंच पाणी लागतं. शहरात वापरती विहीर शोधायची म्हणजे काय दिव्य असतं ते चौका लावणाऱ्या बायकांना विचारा. आमच्या भागातले दोन आड कचरा टाकून बुजवले, त्याबद्दल कट्ट्यावर मी कधी कुणी बोलताना ऐकलं नाही.

पाणी नाहीच म्हणावं तर तसंही नाही. उजनी 117 टीएमसीची. मी एकदा जावेच्या मुलाला हिशोब करायला बसवलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती साडेनऊ लाख होती. माणशी रोज 135 लिटर धरलं तर वर्षाला दोन टीएमसीच्या आत भागतं. आज वस्ती वाढली असली तरी आकडा फार पुढं जात नाही. मग पाणी जातं कुठं? नदीतून सोडलं की वाटेत मुरतं, आटतं, उपसलं जातं. ऊस आहेच. जे शहरात पोचतं ते जुन्या नळांतून आणि अपुऱ्या टाक्यांतून सगळीकडं एकाच दिवशी देता येत नाही, म्हणून पाळ्या. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं तेव्हा तुटवडा होता, मान्य. पण धरण भरून वाहत होतं त्या वर्षीही आमची पाळी बदलली नाही. 2016 साली देशातल्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांच्या यादीत आपलं नाव आलं, पेढे वाटले होते. स्मार्ट शहरात नळ कितव्या दिवशी यावा, हे त्या यादीत लिहिलं नसावं.

आम्ही गल्लीतल्या सात जणींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळाचे दिवस आणि वेळा लिहायला सुरुवात केली. सहा महिने लिहिलं. मग ती कॅलेंडरं घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी आधी नेहमीसारखं "बघतो, बघतो" केलं. पण सातही कॅलेंडरांवर तेच दिवस आणि त्याच वेळा दिसल्यावर खुर्ची पुढं ओढली. दिवस काही कमी झाले नाहीत. पण रात्री अडीचची पाळी पहाटे साडेपाचला आली, ती अजून टिकून आहे. सामायिक आवरून नळाला उभं राहता येतं. कट्ट्यावरच्या वीस वर्षांच्या चर्चेनं एवढं झालं नव्हतं.

मुलगा पुण्याहून फोन करतो, "आई, आजीला घेऊन इकडे या. कशाला हंडे वाहता?" हिंजवडीला त्याची नोकरी. मी तिथे महिनाभर राहून आले. नळ चोवीस तास, खरं आहे. पण ते पाणी टँकरचं, कुठल्या विहिरीचं कुठल्या बोअरचं कुणालाच माहीत नाही. सोसायटीच्या बैठकीत टँकरच्या बिलावरून भांडणं. तेवढंही सोडून देईन, पण तिथं सूर्यास्त हातात राहत नाही.

डिसेंबरात सोलापूरला सूर्य सहाच्या आत मावळतो, पुण्याला सात-आठ मिनिटं उशिरा. दोन घटका आधी जेवण आटपायचं म्हणजे पाच-सव्वापाच. पोरगा तोवर कॉम्प्युटरसमोर. घरी पोचतो रात्री नऊला, त्यातला दीड तास गाडीत. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून सूर्यास्ताआधी जेवणारा मुलगा. सुनेनं आता तोडगा काढला आहे. ती त्याला दुसरा छोटा डबा देते आणि तो पाच वाजता कॅन्टीनच्या कोपऱ्यात एकटा जेवतो. सोबतचे चहा पीत असतात. त्याचा नियम टिकला याचा मला अभिमान आहे. पण ताटाला ताट लावून संध्याकाळी जेवणं त्या घरात फक्त शनिवार-रविवारी होतं.

इथे आमचे हे चाटी गल्लीतलं दुकान नोकरावर सोपवून स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटांत घरी येतात. खड्डे धरून. आम्ही तिघं रोज उजेडात जेवतो. ज्या शहराला सगळे मागासलेलं म्हणतात, त्यानं आमचं हे एक व्रत सोपं ठेवलं आहे आणि नळानं दुसरं अवघड केलं आहे. पुण्यात उलट. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "पाणी मी गाळीन गं. सूर्य थांबवता येत नाही." म्हणून आम्ही अजून इथे आहोत.

तरुण मुलींनी मात्र असा विचार करावा, हे मी कुणाला सांगणार नाही. जावेच्या त्याच हिशोबी मुलासाठी स्थळं बघतोय. मुलगा इथंच व्यवसायात आहे, शिकलेला, निर्व्यसनी. तीन ठिकाणांहून नकार आला, तिन्हींचं कारण एकच, "मुलगी सोलापूरला राहायला तयार नाही." वालचंद हिराचंद सोलापूरचेच, 1882 चा जन्म. जहाजं, विमानं, मोटारी काय काय काढलं त्या माणसानं, पण सगळं गावाबाहेर. तेव्हापासून जाणाऱ्यांची रांग लागलेली आहे, आता सुनांनीही यायचं थांबवलं तर घरात म्हातारी माणसं आणि पिंपं एवढंच उरेल.

चौथं स्थळ सांगलीकडचं आहे. मुलीच्या आईनं फोनवर पगार-पाणी विचारलं नाही. सरळ म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो?" जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाच बोटं दाखवली. त्यांनी पाचच सांगितलं, चार सुद्धा नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पूर येतो हो. दोन वर्षं घर पाण्यात होतं. बघायला येऊ रविवारी."

रविवार नळाचा दिवस नाही. शनिवारी पहाटे सगळं भरून ठेवणार आहे.